कृष्णाकाठचे पाणी : उपशापासून निचऱ्यापर्यंत

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव दोन प्रकारच्या भूभागांच्या सीमेवर वसले आहे. एका अंगाला सागरेश्वरची डोंगररांग आणि तिचे मुरमाड उतार आहेत. दुसऱ्या अंगाला जमीन उतरत उतरत कृष्णाकाठच्या खोल, काळ्या मळीच्या रानांना जाऊन मिळते. पूर्वेकडून खटाव भागातून आलेली येरळा वाहते आणि पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेत मिसळते. या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कृष्णेचा उगम असलेल्या महाबळेश्वरात तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. कुंडल परिसरातील हिरवा ऊस गावच्या पावसावर उभा नाही. तो सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडून कोयना, धोम, कण्हेर या धरणांत साठलेल्या आणि नदीवाटे, कालव्यावाटे खाली आलेल्या पाण्यावर उभा आहे.

त्यामुळे येथील पाणीप्रश्न तीन टप्प्यांत पाहावा लागतो. पाणी उचलायचे कसे, ते वाटायचे कसे आणि वापरून झाल्यावर त्याचा निचरा कसा करायचा, हे ते तीन टप्पे. गेल्या दीडशे वर्षांत पहिल्यावर सर्वाधिक बुद्धी, पैसा आणि वीज खर्च झाली. दुसऱ्यासाठी चळवळी आणि कायदे झाले. तिसरा बराच काळ दुर्लक्षित राहिला आणि आजच्या अनेक अडचणींचे मूळ तेथे आहे.

मोटेपासून उपसा योजनांपर्यंत

या भागातील पहिली मोठी आधुनिक सिंचन योजना म्हणजे कृष्णा कालवा. एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात ब्रिटिश सरकारने कराडजवळ खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घातला आणि नदीच्या डाव्या काठाने कालवा काढला. त्यातले पाणी उताराने वाहते, त्यामुळे ते उचलण्याचा खर्च नाही. मात्र कालव्याच्या वरच्या अंगाची जमीन त्यामुळे कोरडीच राहिली. तिथल्या विहिरींवर बैलांची मोट चालत असे, आणि बैलजोडीच्या ताकदीवर जेवढे भिजेल तेवढेच रान बागायत होई.

कुंडल हा तेव्हा औंध संस्थानचा तालुका होता. दुष्काळी आटपाडीही त्याच संस्थानात होती. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचा माळ कारखान्यासाठी दिला. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले. सुरुवातीला लोखंडी नांगरांसाठी नावाजलेल्या या कारखान्याने १९२६ मध्ये पंप तयार केला. विहिरीचे आणि नदीचे पाणी यंत्राने उचलण्याचे साधन अशा रीतीने कुंडलच्या शिवेवरच तयार होऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर खेड्यांत वीज आली आणि चित्र झपाट्याने पालटले. नदीकाठी जॅकवेल, तेथून उंचावरच्या हौदापर्यंत मोठी पाइपलाइन आणि हौदापासून शेतापर्यंत पाट, अशा रचनेच्या सहकारी उपसा सिंचन संस्था कृष्णाकाठी गावोगाव निघाल्या. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नदीवर बांधले गेले. पावसाळा सरला की त्यांची दारे बसवायची आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढायची, अशी त्यांची रीत. याच पाण्यावर सहकारी साखर कारखानदारी वाढली. प्रतिसरकारच्या चळवळीतील अग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना कुंडलमध्येच आहे.

नदीकाठ भिजला तरी डोंगरापलीकडचे कडेगाव, खानापूर, आटपाडी, जत हे तालुके कोरडे होते. त्यांच्यासाठी शासनाने ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या मोठ्या उपसा योजना आखल्या. ताकारी योजनेत कृष्णेचे पाणी ताकारीजवळ उचलून टप्प्याटप्प्याने सागरेश्वरच्या रांगेपलीकडे नेले जाते. तिचे लाभक्षेत्र सुमारे २७ हजार हेक्टर आहे. टेंभूचे पाणी कराड तालुक्यातून निघून आटपाडी आणि सांगोल्यापर्यंत जाते. शिवाय सातारा जिल्ह्यातून येणारा आरफळ कालवा पलूस आणि तासगाव भागाला पाणी देतो. कुंडलच्या पंचक्रोशीत आज कालवा, नदीवरचा उपसा, विहीर आणि कूपनलिका असे चारही स्रोत शेजारी शेजारी वापरात आहेत.

उचललेल्या पाण्याची किंमत

पाणी वर चढवायला ऊर्जा लागते आणि तिचा हिशेब साधा आहे. १,००० लिटर पाणी १०० मीटर उंच चढवण्यासाठी तत्त्वतः ०.२७ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि पाइपमधील घर्षण यांत होणारी घट धरली तर प्रत्यक्षात ती साधारण ०.४ युनिटवर जाते. एका शेतासाठी हा आकडा किरकोळ वाटतो. पण टप्प्याटप्प्याने शेकडो फूट वर जाणाऱ्या आणि हजारो हेक्टर भिजवणाऱ्या योजनेत वीजबिल हाच सर्वांत मोठा खर्च ठरतो.

बिल थकले की पंप बंद, पंप बंद की आवर्तन लांबणार आणि आवर्तन लांबले की पीक वाळणार, हे चक्र या योजनांच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे अनुभवले. पीक हातचे गेलेला शेतकरी पाणीपट्टी भरत नाही, आणि पाणीपट्टी न आल्याने पुढचे बिल थकते. त्यावर तोड म्हणून राज्य शासनाने अशा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार स्वतः उचलायचा आणि १९ टक्के लाभधारकांकडून घ्यायचा, असे ठरवले. त्यामुळे योजना चालू राहणे सोपे झाले. मात्र या सवलतीने पाण्याची खरी किंमत कमी होत नाही, तिचा मोठा वाटा शेताच्या बांधावरून सरकारी तिजोरीकडे जातो. म्हणून उपसा योजनेच्या पाण्यात काटकसर केली की पाण्याबरोबर वीज आणि सार्वजनिक पैसाही वाचतो.

एक एकर ऊस आणि ऐंशी घरे

पाणी कुठे जाते हे पाहायचे तर घर आणि शेत यांचा हिशेब शेजारी ठेवावा लागतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला त्याप्रमाणे दिवसाला २७५ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते.

सुरू उसाला पाटाने पाणी दिले तर हंगामात साधारण २५० सेंटिमीटर पाणी लागते. पूर्वहंगामी आणि जुलै-ऑगस्टमध्ये लावल्या जाणाऱ्या आडसाली उसाला त्याहून जास्त. पावसाचे ५० सेंटिमीटर वजा केले तरी २०० सेंटिमीटर कालव्यातून किंवा विहिरीतून द्यावे लागतात. एका एकरावर हे पाणी सुमारे ८० लाख लिटर भरते. म्हणजे एक एकर सुरू उसाला जितके पाणी वरून द्यावे लागते, तितक्यात ऐंशी घरांची वर्षभराची गरज भागते.

याचा अर्थ घरात पाणी जपू नये असा नाही. घरातले पाणी शुद्ध केलेले असते, त्याच्यामागे पंप, जलशुद्धीकरण आणि नळयोजनेचा खर्च असतो. पण बचतीचा मोठा डोंगर शेतात आहे. ठिबक सिंचनाने उसाचे पाणी ४० ते ५० टक्क्यांनी कमी होते. वर धरलेल्या ८० लाख लिटरांपैकी ४० टक्के वाचले तरी एकरी ३२ लाख लिटर, म्हणजे बत्तीस घरांची वर्षाची गरज शिल्लक राहते. शंभर मीटर उपसा असलेल्या ठिकाणी त्यासोबत सुमारे १,३०० युनिट वीजही वाचते.

तरीही पाटपाणी टिकून आहे, याची कारणे व्यावहारिक आहेत. आवर्तन कधी येईल याची खात्री नसली की शेतकरी आलेल्या पाळीत जमेल तेवढे पाणी रानाला पाजून घेतो. शेतीपंपांना अनेकदा रात्री वीज मिळते. मोटर सुरू करून पाणी सरीत सोडले की ते पहाटेपर्यंत मोकाट वाहत राहते. ठिबकला ठरावीक अंतराने, थोडे थोडे आणि खात्रीचे पाणी लागते. ते नसेल तर शेतात साठवण तळे हवे, आणि लहान शेतकऱ्याला त्यासाठी जमीन काढणे परवडत नाही. पाणीपट्टी पाण्याच्या मापावर न घेता पिकाच्या क्षेत्रावर घेतली जाते, तेथे कमी पाणी वापरणाऱ्याला काही लाभही होत नाही. म्हणून ठिबकचा प्रसार अनुदानाइतकाच वेळेवर मिळणाऱ्या पाण्यावर आणि मोजून होणाऱ्या आकारणीवर अवलंबून आहे.

जास्त पाण्याचे दुखणे : क्षारपड

पाण्याच्या कमतरतेची चर्चा सगळीकडे होते. कृष्णाकाठाने मात्र जादा पाण्याचे नुकसानही पाहिले आहे. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतील आणि शेजारच्या शिरोळमधील काळ्या जमिनी एकेकाळी या भागातल्या सर्वांत सुपीक जमिनींत गणल्या जात. आज त्यांतले अनेक पट्टे पाणथळ आणि क्षारपड झाले आहेत.

यामागची प्रक्रिया अशी आहे. खोल काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे पाणी तिच्यातून फार हळू झिरपते. पिकाला लागते त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे दिले की जमिनीतील पाण्याची पातळी वर चढत जाते. ती मुळांच्या थरापर्यंत आली की मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि उन्हाने त्याची वाफ होते. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र वरच राहतात. उन्हाळ्यात रानावर पांढरा थर फुटलेला दिसतो तो हाच. विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या मचूळ पाण्याने आणि रासायनिक खतांच्या अतिवापराने त्यात भर पडते.

मृदाशास्त्र अशा जमिनींचे ढोबळमानाने दोन प्रकार करते. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, पण सामू ८.५ च्या आत असतो. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि सामू ८.५ च्या वर जातो. अशी माती ओली असताना लोण्यासारखी चिकट आणि वाळली की दगडासारखी कठीण होते, आणि तिच्यातून पाणी खाली उतरतच नाही. उसाची उगवण विरळ होणे, पाने पिवळी पडणे, फुटवे कमी येणे आणि वाफसा यायला फार दिवस लागणे ही दोन्हींची लक्षणे आहेत. उपाय मात्र वेगवेगळे असल्याने माती परीक्षण आधी करावे लागते. क्षारयुक्त जमिनीत निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढता येतात. चोपण जमिनीला त्यासोबत जिप्सम लागते, आणि ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येताच गाडण्याचा फायदा होतो.

निचऱ्यासाठी उघडे चर काढतात किंवा साधारण एक ते सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप गाडतात. या पाइपांत झिरपलेले पाणी मुख्य पाइपवाटे ओढ्यात सोडले जाते. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र क्षारपड जमिनींवर काम करते, तर शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचे गट करून क्षारपड सुधारणेची कामे झाली आहेत. गट करण्याला कारण आहे. एका शेतकऱ्याने आपल्या रानात पाइप टाकले तरी त्यांचे तोंड खालच्या शेतातून किंवा गावओढ्यातून जावे लागते. ओढाच बुजवून त्यावर पीक घेतले असेल, तर वरच्या सगळ्यांचा निचरा अडतो. पाणी आणण्यासाठी गाव एकत्र आले तसे ते काढून देण्यासाठीही यावे लागते. या खर्चाचा मोठा भाग टाळता येतो, तो सुरुवातीलाच मोजून पाणी देण्याने.

वाटप : कोणाला, किती आणि कधी

पाण्याच्या समन्यायी वाटपाचा विचार याच परिसरात जोमाने रुजला. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने येरळेवर बळीराजा धरण बांधले. नदीतल्या वाळूच्या मर्यादित विक्रीतून त्यासाठी पैसा उभा केला गेला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता प्रत्येक कुटुंबाला समान द्यायचे, भूमिहीनांनाही त्यात हिस्सा ठेवायचा आणि उसासारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला ते द्यायचे नाही, हे या धरणामागचे सूत्र होते. पुढे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णेच्या पाण्यात दुष्काळी भागाचा हक्क आहे, ही मागणी त्यांतून जिल्ह्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आली.

कायद्याची चौकट २००५ मध्ये तयार झाली. त्या वर्षी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींच्या व्यवस्थापनाचा, असे दोन कायदे झाले. दुसऱ्या कायद्याने पाणी वापर संस्थांना आधार दिला. कालव्याच्या एका भागातील शेतकऱ्यांनी संस्था करावी, तिला हंगामाचा कोटा घनमापात मोजून मिळावा आणि आतले वाटप, पाणीपट्टीची वसुली व देखभाल संस्थेने पाहावी, अशी ही कल्पना आहे. त्यात शेपटाच्या शेतकऱ्याला आधी पाणी देत वर यायचे, ही पद्धत कळीची ठरते. वरच्यांनी आधी घेतले की शेपटाला पाणी पोहोचत नाही आणि वरचे रान मात्र गरजेपेक्षा जास्त भिजते. टंचाई आणि क्षारपड एकाच चारीवर, काही किलोमीटरच्या अंतरात दिसण्याचे हे एक कारण आहे.

पिण्याचे पाणी आणि सांडपाणी

नदीकाठच्या गावाला पिण्याच्या पाण्याची चिंता नसावी, असा समज असतो. नदीत पाणी असणे आणि ते पिण्याजोगे असणे यांत अंतर आहे. कृष्णेत वरच्या शहरांचे आणि गावांचे सांडपाणी मिसळते, शेतातून झिरपणारे नायट्रेट आणि क्षार येतात. उन्हाळ्यात प्रवाह कमी झाला की हे प्रदूषण दाट होते आणि मासे मरण्याच्या घटना घडतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असणे चांगले, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजे आणि नळाला येणाऱ्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. पाणी उकळले किंवा त्यात क्लोरीन घातले तर जंतू मरतात, पण नायट्रेट आणि क्षार तसेच राहतात. म्हणून शेतातला खतांचा बेसुमार वापर शेवटी स्वयंपाकघरातल्या हंड्यापर्यंत येतो.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाच जणांच्या घरातून ते दिवसाला सुमारे २२० लिटर होते. ते गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाऊ द्यायचे, की परसबागेत व शोषखड्ड्यात मुरवायचे, हा निर्णय घरापुरता वाटला तरी त्याचा परिणाम खालच्या गावावर होतो. काळ्या चिकण मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, तेथे सांडपाणी एकत्र करून गावपातळीवर स्थिरीकरण तळ्यात शुद्ध करणे जास्त योग्य ठरते.

पावसाचे पाणी हा दुसरा घरगुती स्रोत. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ४०,००० लिटर हाती येतात. पाच जणांच्या घराला ते साडेचार महिन्यांहून अधिक पुरते. एवढी टाकी प्रत्येकाला परवडत नाही, पण हेच पाणी गाळून विहिरीत किंवा कूपनलिकेत सोडता येते.

महापूर आणि भूजल

२००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेला मोठे पूर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांची बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. पुरात जॅकवेल, पंप आणि रोहित्रे पाण्याखाली जातात. भोवताली पाणीच पाणी असताना नळयोजना बंद पडते आणि पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते. पूर ओसरल्यावर विहिरी उपसून शुद्ध कराव्या लागतात. धरणांतील साठा पावसाळ्यात कोणत्या वेगाने वाढवायचा, विसर्ग कधी सुरू करायचा आणि खालच्या अलमट्टी धरणाशी समन्वय कसा ठेवायचा, हे प्रश्न म्हणूनच सिंचनाइतके महत्त्वाचे ठरतात. गावपातळीवर पंपघर पूररेषेच्या वर घेणे आणि ओढ्या-नाल्यांचे पात्र मोकळे ठेवणे शक्य असते.

डोंगराकडच्या भागात प्रश्न उलट आहे. येथील बेसाल्ट खडकात पाणी फक्त झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. विहिरी पावसाळ्यात लवकर भरतात आणि उन्हाळ्यात लवकर आटतात. कूपनलिका खोल नेल्याने खडकातील साठवण वाढत नाही, फक्त उपसा वाढतो. उतारावर सलग समतल चर, दगडी बांध आणि झाडोरा यांनीच पाणी मुरते. कुंडलजवळचे सागरेश्वर अभयारण्य त्याचे चांगले उदाहरण आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरांवर लावलेल्या झाडांतून ते उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. झाडोऱ्याखालची माती पावसाचे पाणी थोपवते आणि खालच्या विहिरींना हळूहळू देते.

गावाचा ताळेबंद

वरच्या सर्व बाबी एकत्र आणण्याचे साधन म्हणजे गावाचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस, कालव्याची आवर्तने, नदीचा उपसा आणि विहिरी यांतून वर्षभरात किती पाणी येते, हे एका बाजूला मांडायचे. माणसे, जनावरे, उद्योग आणि प्रत्येक पिकाचे क्षेत्र यांना किती लागते, हे दुसऱ्या बाजूला. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपताच विहिरींची पातळी मोजून हा हिशेब ग्रामसभेत मांडला, तर उन्हाळी पिकाखाली किती क्षेत्र ठेवायचे हे वेळेत ठरवता येते. केंद्राची अटल भूजल योजना सांगलीसह राज्यातील तेरा जिल्ह्यांत राबवली गेली, तिचा पायाही हाच होता.

कृष्णाकाठच्या गावांनी या ताळेबंदाला तिसरा रकाना जोडायला हवा, तो निचऱ्याचा. भूजलाची पातळी कुठे वर चढते आहे, कोणता ओढा बुजला आहे, किती क्षेत्र खारावले आहे आणि गावाचे सांडपाणी कुठे जाते, याची नोंद त्यात यावी. नळाला मीटर, चारीला मापक, शेताला ठिबक, रानाला चर आणि डोंगराला झाडोरा, ही या हिशेबातली प्रत्यक्ष कामे आहेत. त्यांतली पहिली दोन गाव आणि पाणी वापर संस्था यांच्या हातातली आहेत. ठिबकसाठी वेळेवर पाणी देण्याची जबाबदारी जलसंपदा विभागाची आहे, चरांसाठी शेजारच्या शेतकऱ्यांचे सहकार्य लागते आणि झाडोऱ्यासाठी वन विभागाबरोबर गावाची राखण लागते.